टाच टेकली का?

पडायला जागा तरी कुठली निवडावी माणसानं! एका चाकाच्या सायकलवरून शिवकांता कोसळली ती थेट बलभीमच्या पंक्चरच्या घमेल्यात. ढोकीच्या साखर कारखान्यासमोर त्याचं सायकलचं दुकान होतं. ऐन दुष्काळात मिळवलेलं घमेलंभर पाणी मातीत गेलं.

"आता पंक्चर कशात बघू?" तो खेकसला... आणि तिचं सोललेलं कोपर दिसताच तिची सायकल उचलून बघू लागला.

गावात उतरलेल्या सर्कशीत ही सायकल तिची आई रुद्रम्मा चालवायची. लांब पायांची बाई ती. गुडघे गेले, अन् खेळ लेकीच्या गळ्यात पडला. तो जमला तरच मायलेकी सर्कशीत राहणार होत्या, नाहीतर मालक त्यांना इथंच सोडून जाणार होता.

"भिंतीला धरून बसा," बलभीम म्हणाला. "पायडल पार खाली घ्या, त्यावर टाच ठेवा. टाच टेकून पाय सरळ झाला, की सीट तुमच्या मापाची."

टाच अधांतरीच राहिली. सीट खाली घ्यावी तर तिची नळी चाकाला अडत होती. बलभीमनं नळी बोटभर कापली.

"टेकली का?"

टेकली होती की! पण त्यानं मान वर केली, पापण्यांवर लोखंडाचा कीस... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "न्हाय... उंचच हाय अजून. उद्या येते."

मग रोज तेच. ती हळूच कंबर तिरकी करायची, टाच उचलायची. तो थोडी नळी कापायचा.

"तुमचा पाय रोज आखूड व्हतोय का काय?"

"दुष्काळ हाय," ती म्हणायची. "सगळंच आटतंय."

अन् सीट इतकी खाली गेली, की एका खेळात गुडघे छातीला भिडले आणि ती भर रिंगणात तोंडावर आपटली. "उद्या शेवटचा खेळ," मालक सगळ्यांदेखत म्हणाला. "पडलीस तर इथंच ऱ्हावा दोघी." रुद्रम्मा नुसती गुडघे चोळत बसली.

दुकानात येऊन शिवकांता रडायलाच लागली. "म्या खोटं बोलले. टाच पहिल्याच दिवशी टेकली व्हती."

"मला दिसलं व्हतं," बलभीम खाली बघत म्हणाला. "तू उद्या येते म्हणलीस... अन् म्या कापत गेलो. तू पडलीस ती माझ्यापायी. लई चुकलं."

कापलेली नळी थोडीच वाढणार? तो उठला, स्वतःच्या सायकलची सीट काढली, तिची नळी उपसली आणि मापानं कापून शिवकांताच्या सायकलला बसवली.

"टेकली का?"

"टेकली," ती म्हणाली. या वेळी खरं.

शेवटच्या खेळात ती पडली नाही. तंबूत मागं उभा असलेला बलभीम टाळ्या वाजवायचंच विसरला.

सकाळी ट्रक भरले. शिवकांता दुकानाकडं निघाली.

"सायकल नीट झाली ना? मग कशाला चाललीस?" आईनं विचारलं.

रुद्रम्मानं लेकीच्या तोंडाकडं बघितलं, आणि ट्रकमधली आपली पत्र्याची पेटी खाली ओढायला घेतली.

दुकानात बलभीम पाना हातात घेऊन नुसताच बसला होता.

"आज काय बिघडलं?"

"काय न्हाय. आज नुसतीच आले... ऱ्हायला. पडले म्हणून न्हाय, माझ्या मनानं. आईबी हाय संगं."

तो पानाच पुसत राहिला. डोळे भरले होते त्याचे.

"घर लांब हाय. अन् मलाच बसायला सीट न्हाय. दोघींना नेऊ कसं?"

"आईला सायकलच्या कॅरेजवर बसवा," शिवकांता म्हणाली. "आपण दोघं पायी चालू."