खिशातला नारंगी प्लग

गाडी सुरू झाली आणि त्या दोघांचं जमलं.

हे वाक्य चुकून आधी आलं. कृपया ते कुणी वाचलेलं नाही असं धरून चालू. सध्या गाडी बंद आहे, दोघांची ओळखदेख नाही, आणि जमण्याचं तर नावच काढायला नको.

गाडी बंद पडली तीसुद्धा जागा बघून. एका सात मजली इमारतीच्या तळघरात उतरणारा उतार, त्याच्या बरोब्बर मधोमध. आत जाणारा आत जाईना, बाहेर येणारा बाहेर येईना. गाडी जुनी हायब्रिड, म्हणजे थोडी पेट्रोलवर आणि थोडी बॅटरीवर चालणारी. त्या दिवशी पेट्रोलने आणि बॅटरीने एकमेकांकडे बोट दाखवलं आणि हात वर केले. काचेखाली एक लाल त्रिकोण पेटला. त्रिकोणात उद्गारचिन्ह. का, ते गाडीलाच ठाऊक.

आत बसली होती पियानोवाली. ठिकठिकाणी जाऊन पियानो सुरात लावणं हा तिचा धंदा. बिघडलेल्या वस्तूंशी ती हळू आवाजात आणि ठामपणे बोलायची.

"ऊठ," ती गाडीला म्हणाली.

गाडी उठली नाही.

"ती उठत नसेल तर मी उठू का?" असा आवाज आला... जमिनीतून.

तिने वळून पाहिलं. लिफ्टचं दार उघडं होतं, लिफ्ट जागेवर नव्हती, आणि फरशीला टेकून एक डोकं तेवढं दिसत होतं. कपाळावर टॉर्च, गालावर ग्रीसचा पट्टा, डोळे मात्र स्वच्छ.

"तुम्ही... खाली सगळे आहात ना?" तिने विचारलं.

"सकाळी तरी होतो," डोकं म्हणालं, आणि खड्ड्यातून लिफ्टवाला बाहेर आला. होता सगळा. उंचही होता. पियानोवालीने हे केवळ माहितीसाठी टिपून ठेवलं.

त्याने गाडी ढकलून कडेला लावली. तिने मागचं दार वर केलं, बॅटरीवरचं झाकण उचकटलं आणि आत हात घालणार तोच —

"हात मागे!"

तो असा ओरडला की तिने दोन्ही हात पाठीशी नेले, शाळेत नेतात तसे.

"नारंगी वायर म्हणजे दोनशेच्या वर व्होल्ट," तो म्हणाला. "तिथे लाडात यायचं नाही."

"मी लाडात नव्हते. रागात होते."

"रागात तर मुळीच नाही." त्याने पिशवीतून जाड रबरी हातमोजे काढले, कोपऱ्यातला एक नारंगी दांडा ओढला आणि मुठीएवढा प्लग उपसून तिला दाखवला. "हा काढला की बॅटरीचे मधोमध दोन तुकडे होतात, वीज बाहेर जात नाही. मग हा ठेवायचा खिशात. ज्याचे हात आत, त्याच्या खिशात. आमच्यात लिफ्टच्या किल्लीचंही तेच. काम संपेपर्यंत किल्ली खिशाबाहेर येत नाही. आई मागायला आली तरी नाही."

"तुमची आई लिफ्टची किल्ली मागते?"

"अजून तरी नाही. पण माझी तयारी आहे."

पियानोवालीला हसायचं नव्हतं. बेत फसला.

लिफ्टवाल्याने एक टेम्पो गाठून गाडी तिच्या घरापर्यंत ओढून दिली. घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. दादाचं फरशीचं दुकान. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट सपाट असावी, असं त्याचं मत होतं.

"अंगणात दोनशे व्होल्ट ठेवून मला झोप लागायची नाही," तो म्हणाला. "रविवारी चार वाजता भंगारचा ट्रक येतोय. आणि गाडी गेली की तुझा धंदा कसला? ते लांबलांबचे पियानो, ती जड हत्यारं. बसने फिरणार? माझ्या दुकानात एक टेबल रिकामं आहे. सोमवारपासून बस. फरशीला सूर लावावा लागत नाही, ती आपली गप पडून असते."

"आणि चारच्या आत गाडी आपल्या पायांनी गेटबाहेर गेली तर?"

"तर मी ट्रकवाल्याची माफी मागेन आणि टेबलाचं नाव काढणार नाही."

"ठरलं," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'ठरलं' निघालं की घरातले सामान आवरायला घ्यायचे. ती तार तुटली तरी सूर सोडणारी नव्हती.

लिफ्टवाला संध्याकाळी आला. "हातमोजे राहिले होते," म्हणाला. हातमोजे त्याच्याच हातात होते. दोघांनीही त्याकडे दुर्लक्ष केलं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. बॅटरीला गार हवा देणारा पंखा मागच्या सीटला लागून असतो, आणि नेमक्या त्याच जागी आत्याचा बोका बसून वर्षानुवर्षं प्रवास करत आला होता. आत्या म्हणजे गाडीची मूळ मालकीण. नजर अधू झाली तशी तिने गाडी भाचीला दिली, बोका स्वतःकडे ठेवला. बोक्याचं नाव अध्यक्ष. पंखा उघडला तर आत दुसरे अध्यक्ष निघाले. हाडामांसाचे नव्हेत; निव्वळ केसांचे.

"माझ्या बोक्यावर आळ घेऊ नका," आत्या खुर्चीतून म्हणाली.

"आळ नाही आत्या, पुरावा आहे," लिफ्टवाला म्हणाला आणि केसांचा गोळा अदबीने तिच्या हातात दिला. आत्याने तो कुरवाळला. मग जरा थांबून पियानोवालीच्या कानात म्हणाली, "मुलगा बरा आहे गं. आवाजात ग्रीस नाही."

बॅटरीच्या पोटात जाड पुस्तकांसारखे सेलचे डबे ओळीने उभे होते. एकेक डबा बाहेर काढून ती त्याला हेडलाइटचा बल्ब लावायची आणि बल्ब किती तग धरतो ते बघायची. बाहेर पाऊस पत्र्यावर टपटपत होता, आत बल्बचा पिवळा उजेड, आणि मीटरवरचा आकडा वाचायला दोघांची डोकी... विनाकारण जवळ. आकडा तसा लांबूनही दिसत होता.

बाकीच्या डब्यांनी बल्ब नीट सांभाळला. एकाने मान टाकली.

"हा," ती म्हणाली. "याच्यापायी सगळे बदनाम."

दुसऱ्या दिवशी त्याने एका चेपलेल्या गाडीतून निघालेले तीन जुने डबे आणले. तिने दोन नाकारले.

"हा का नको? किती दमदार आहे बघा," तो म्हणाला.

"म्हणूनच नको. पियानोत एकच तार नवी घातली की ती एकटी मिरवते आणि बाकीच्या बेसूर वाटतात. मला मिरवणारा नकोय. शेजाऱ्यांशी जुळवून घेणारा हवा."

"डब्याबद्दलच बोलतोय ना आपण?"

"डब्याबद्दलच," ती म्हणाली, आणि मीटर उलटा धरून आकडा वाचू लागली.

मग सगळे डबे एकत्र बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवले, म्हणजे भरलेला रित्याला देतो आणि सगळे एका पातळीवर येतात.

"माणसांचं पण होतं का हो असं? नुसतं शेजारी ठेवून?" त्याने विचारलं.

"वेळ लागतो," ती म्हणाली. "आणि मध्येमध्ये कुणी मीटर लावून बघू नये."

शनिवारी संध्याकाळी तो हातमोजे चढवून, प्लग खिशात टाकून तांब्याच्या पट्ट्या आवळत होता. तेवढ्यात दादा आला. कंबरेवर हात.

"रोज येता. तुम्हाला इथे नक्की काय मिळतं हो? गाडीसाठीच येता ना?"

लिफ्टवाल्याच्या हातातला पाना थांबला. त्याने पियानोवालीकडे पाहिलं.

"गाडीसाठीच," तो म्हणाला. "जुनी आहे. बघवत नाही."

आणि पाना ठेवून निघून गेला. चांगला सात मजले वर-खाली करणारा माणूस, पण शब्द नेमका दोन मजल्यांच्या मध्ये अडकला.

पियानोवाली रात्रभर रागावून झोपली आणि सकाळी रागावूनच उठली. राहिलेल्या पट्ट्या तिने आवळल्या, झाकण बसवलं, आणि कोपऱ्यातली ती जागा पाहिली. रिकामी.

प्लग त्याच्या खिशात होता.

फोन केला, उचलला गेला नाही. घड्याळात दोन वाजून गेले होते. एखादी गेली असती दुकानातलं टेबल पुसायला. ही रिक्षात बसून त्या सात मजली इमारतीत गेली. लिफ्टच्या दारावर पाटी होती: काम चालू आहे. ती जिने चढली. पाचव्या मजल्यावर तिने जगातल्या सगळ्या खिशांना शिव्या दिल्या. सातव्याच्या वर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत, तो गुडघ्यावर बसून चाक हाताने फिरवत होता.

"तू," ती धापा टाकत म्हणाली. 'तुम्ही' पाचव्या मजल्यावरच गळून पडलं होतं. "प्लग."

तो उठला. लाजलाही. "मी येतच होतो. निघतानाच लिफ्ट अडकल्याचा फोन आला. आत एक काका आहेत."

"आहे!" खालून, अंधाऱ्या पोकळीतून, एक आवाज आला. "काका आहेत!"

"काल का नाही दिलास?"

"नियम आहे. काम संपल्याशिवाय खिशाबाहेर काढायचा नाही."

"पाचसहा पट्ट्या राहिल्या होत्या फक्त!"

"त्यांचं नाही म्हणत मी." त्याने चाकाकडे पाहिलं. "काम संपलं असं म्हणायचं माझ्याच्याने होईना. संपलं की... मग मी यायचं कशाला?"

चाक थांबलेलंच होतं. दोरखंडही हलले नाहीत.

"आणि दादाला जे सांगितलंस? गाडीसाठीच?"

"ते थोडं खरं होतं. थोडं नव्हतं." तो चाचरला. "हायब्रिड."

"अहो बाई," खालून काका कळवळून म्हणाले, "मुलगा सरळ दिसतोय. हो म्हणा आणि मला बाहेर काढा. माझा दात दुखतोय."

"मला अजून विचारलेलं नाही, काका!"

"अरे मग विचार की! मी काय जन्मभर लोंबकळू?"

पियानोवालीने हात पुढे केला. "आधी प्लग. हे बघ, आज चारला गाडी हलली नाही तर उद्यापासून मी फरशी मोजणार. तुला यायचं असेल तर ये. बिघडलं असेल तरच यायचं, हे कुणी शिकवलं तुला? पियानो लावून झाला तरी काही महिन्यांनी पुन्हा जावंच लागतं. कुणी मला विचारत नाही कशाला आलीस म्हणून."

त्याने प्लग तिच्या तळहातावर ठेवला. खिशात राहून तो कोमट झाला होता. तिने मूठ मिटली. त्याची बोटं आत राहिली, जरा वेळ.

"मला मोकळं वाटतंय," काका म्हणाले, "पण मी अजून अडकलेलोच आहे."

काकांना त्यांच्या मजल्यावर, दातासकट, उतरवून दोघं घरी पोचले तेव्हा ट्रक दारात उभा होता. त्याचा लोखंडी आकडा अंगणात ढकलून आणलेल्या गाडीवर लोंबत होता, आणि दादा घड्याळाकडे असा बघत होता जणू ते त्याच्या दुकानात नोकरीला आहे.

तिने हातमोजे चढवले, प्लग खोचला, दांडा फिरवला, सीटवर बसली, बटण दाबलं.

लाल त्रिकोण. उद्गारचिन्ह.

"राहू दे आता," दादा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तेच तिला सहन होईना.

"एक मिनिट. सगळे गप बसा."

ती डोळे मिटून बसली. पुन्हा बटण दाबलं, ऐकलं. पुन्हा दाबलं.

"मागून टिकटिक यायला हवी. रोज यायची, मला त्याचा ठेका पाठ आहे. आज एकही टिक नाही. बॅटरी दमली असती तर टिक येऊन मग बंद पडली असती. ही दमलेली नाही. हिला कुणीतरी परवानगीच देत नाहीये."

तिने लिफ्टवाल्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे.

"दार नीट लागलं नाही की लिफ्ट हलत नाही," तो हळूच म्हणाला. "तू दांडा फिरवलास... खाली सरकवलास?"

खोचायचा, फिरवायचा, सरकवायचा. घाईत सरकवायचा राहिला होता. ती पळत मागे गेली, मोजे चढवले, दांडा बोटभर खाली सारला. खट्. परत येऊन बटण दाबलं.

टिक. टिक... टिक.

लाल त्रिकोण विझला, हिरवा दिवा लागला, आणि पुढे कसलाच आवाज झाला नाही.

"नाही ना झाली सुरू?" दादा म्हणाला. तो गाडीच्या समोरच उभा होता. गाडी चकार शब्द न काढता त्याच्याकडे सरकू लागली तसा तो एक पाऊल मागे गेला, मग दुसरं, आणि असा उलट्या पावलांनी स्वतः गेटबाहेर गेला. गाडी त्याच्या मागोमाग. म्हणजे पुढोपुढ.

"मग मी काय नेऊ?" ट्रकवाला वैतागला. "रिकामा नाही जायचो मी."

आत्याने त्याला दादाची व्यायामाची सायकल दिली. दादाने माफी मागितली. ट्रकवाल्याची की सायकलची, ते नीट कळलं नाही.

"चालवून बघायला हवी," पियानोवाली म्हणाली.

"लांबवर," लिफ्टवाला म्हणाला आणि शेजारी बसला.

गावाबाहेर रेल्वेचं फाटक लागलं होतं. गाडी थांबली तसं इंजिन आपोआप निजलं. पाऊस उघडला होता. रूळ ओले, झाडं ओली, मागे गाड्यांची रांग. आणि आत इतकं शांत की तिला त्याच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू आली.

"दुरुस्तीचं काम संपलं," ती समोर बघत म्हणाली.

"हो."

"तरी उद्या ये."

"काय सांगून येऊ?"

"काही सांगू नकोस. नुसता ये." तिने त्याच्या गालावरचा ग्रीसचा पट्टा अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. तो आणखी पसरला. "मला तू आवडतोस. दादाने विचारलं तर मी सांगेन. तुझा शब्द अडकतो, माझा नाही."

त्याने तिचा अंगठा ग्रीससकट धरून ठेवला. तोंड उघडलं. त्याच क्षणी आगगाडी धडधडत आली, आणि तिचे सगळे डबे निघून जाईपर्यंत तो बोलत होता. दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळलं नसतं. पियानोवालीने मात्र शब्दन् शब्द ऐकला, आणि शेवटच्या डब्यानंतर फक्त एवढंच म्हणाली, "हे पुन्हा एकदा. सावकाश."

पण फाटक वर जाऊ लागलं होतं, आणि मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न धरले होते.

सबब, रेल्वे खात्याच्या संबंधित अधिकाऱ्यांस नम्र विनंती की, सदर फाटक तातडीने पुन्हा खाली घेण्यात यावे व पुढील आदेश होईपर्यंत बंदच ठेवण्यात यावे. गाड्या सोडण्याची आवश्यकता नाही. मागील वाहनचालकांची हरकत असल्यास ती विचारात घेऊ नये. कळावे, ही विनंती.