मागची सीट

"काय झालं भाऊ, भूत पाह्यलं काय?"

संघप्रियानं हे विचारलं तेव्हा ती भंगारातली मोटरसायकल ढकलत होती, कपाळावर घाम होता आणि ओढणी केव्हाच कमरेला बांधलेली होती. मूल गावातल्या राइस मिलमागच्या रस्त्यावर धानाचा कोंडा उडत होता. त्या कोंड्यात एक उंचापुरा पोरगा रस्त्याच्या मधोमध थिजून उभा होता. तोंड उघडं, डोळे थेट तिच्याकडे... म्हणजे तिला तरी तसंच वाटलं. आता भर रस्त्यात कोणी असं टक लावून बघितलं, तर तरण्या पोरीनं काय समजायचं? तिनंही तेच समजलं.

तो पुढे आला, गाडीच्या टाकीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. मग एकदम भानावर येऊन म्हणाला, चेन अडकली आहे, अशी ढकलाल तर तुटेल. खाली बसून त्यानं चेन काढली, हँडलला गुंडाळली आणि तिच्या घरापर्यंत गाडी स्वतःच ढकलत आणली. वाटेत सगळी बडबड तिचीच. रफीकभाईच्या भंगाराच्या दुकानातून गाडी घेतली, एटापल्ली तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून नेमणूक झाली आहे, गावोगाव लसी पोचवायच्या आहेत आणि बस जाते ती डांबर संपेपर्यंतच. स्कूटीची बारकी चाकं त्या रस्त्यावर काय टिकणार? म्हणून ही गाडी. घरीच उघडायची, घरीच बांधायची आणि रुजू व्हायच्या आत रस्त्यावर आणायची.

"तुमीच बांधान?" त्यानं विचारलं.

"मंग? तुमच्या भरवशावर घेतली काय?"

तो पहिल्यांदा हसला. प्रफुल त्याचं नाव. बसस्टँडच्या पलीकडे त्याचं गेट-ग्रिल बनवायचं छोटं दुकान होतं. कापायचं-जोडायचं काही निघालं तर सांगा, असं म्हणून तो गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणी न सांगताच दारात हजर झाला.

संघप्रियाचे बाबा, सोमाजी, मिलमधून रिटायर झालेले. पोरीला सरकारी नोकरी लागली म्हणून त्यांनी सगळ्या वस्तीत पेढे वाटले होते, आणि पोरीनं अंगणात आणून ठेवला काय, तर गंजका सांगाडा. त्यांना धक्का बसला तो बसलाच. त्यातून सावरतात न सावरतात, तोच हा पोरगा रोज येऊ लागला आणि दुसरा बसला. पण माणूस समजूतदार. त्यांनी फक्त आपली खुर्ची अंगणात अशा जागी आणून ठेवली, की पेपर वाचता वाचता गाडी आणि ती दोघं, सगळंच नजरेत राहावं.

पोत्यावर इंजिन उघडलं गेलं. नट-बोल्ट बिस्किटांच्या जुन्या डब्यांत गेले, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये भिजत पडला. संघप्रिया मोबाईलवर व्हिडिओ पाहून सांगायची. प्रफुल धरायचा, फिरवायचा, ठोकायचा. चुकायची दोघंही. एकदा तर सगळं बसवून झाल्यावर डब्यात एक स्प्रिंग उरली, आणि ती कुठली हे दोघांनाही सांगता येईना. झालं! पुन्हा सगळं खोलावं लागलं. संघप्रियाला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ती दचकली.

एक गोष्ट मात्र तिला कळत नव्हती. या गाडीचा पेट्रोलचा कॉक उलटा फिरतो, हे त्याला न बघताच ठाऊक. किक आधी अर्धी दाबून मग मारावी लागते, हेही ठाऊक. कसं काय, विचारलं तर म्हणे अंदाज. किती हुशार आहे, असं तिला वाटलं. प्रेमात पडायला लागलेल्या माणसाला काहीही वाटतं.

कागदांवरून काही कळायची सोय नव्हती. त्यावर नाव होतं कोण्या रिटायर झालेल्या फॉरेस्ट रेंजरचं. आमच्याकडे गाडी चार हात फिरते, पण नाव बदलवायला आरटीओत जातो कोण? पहिल्या मालकाच्या नावावर सगळे बिनधास्त चालवतात. संघप्रिया चंद्रपूरला जाऊन गाडी स्वतःच्या नावावर करून आली, तेव्हा वस्तीत त्याचंच नवल झालं. मधल्या काळात गाडी कोणाची होती, ते रफीकभाईलाही माहीत नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत सगळेच भाऊ. प्रफुलही पहिल्या दिवसापासून प्रफुलभाऊच होता. पण एखाद्याला भाऊ म्हणताना जीभ अडखळायला लागली, की पोरीनं समजून घ्यावं.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. टाकी वेगळी काढून नुकतीच रंगवली होती, कोवळ्या धानासारखी पोपटी, आणि ती अंगणात वाळत होती. दोघं ताडपत्री घेऊन धावली आणि टाकीसकट तिच्याखाली अडकली. वर थेंब ताडताड वाजत होते. ओल्या रंगाचा वास, ओल्या मातीचा वास, आणि मधे तेवढी टाकी... त्याच्या गालावर पोपटी ठिपका उडाला होता. पुसायला तिनं हात नेला आणि मध्येच थांबवला.

"प्रफुल..."

"आज भाऊ नाई म्हनलं?"

"रंग लागला तुमच्या गालाले."

"म्हनून नाई म्हनलं?"

"हो — म्हनूनच नाई म्हनलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. पाऊस थांबला तरी ताडपत्री धरून दोघं तशीच उभी होती. शेवटी सोमाजींना खाकरावं लागलं.

राहिलं होतं ते गाडीचं मागचं. संघप्रियाला मागची सीट नकोच होती, तिथं लसींच्या डब्यासाठी कॅरिअर हवं होतं. माझ्या मागं बसायला आहे कोण, डबाच बसेल, असं ती म्हणाली. म्हणताना तिनं त्याच्याकडे बघितलं, हे काही खोटं नाही. सीटखाली कोणीतरी एक जाड, वाकडी लोखंडी पट्टी वेल्डिंग करून आधाराला लावलेली होती. ती निघाल्याशिवाय कॅरिअर बसेना. प्रफुलनं कटर उचलला. ठेवला. पुन्हा उचलला.

"नक्की कापू?"

"कापा ना."

"मंग पयल्यासारखं होनार नाई."

"अजी, लोखंड हाय थे. हाड थोडी हाय," ती हसली.

त्यानं कापली. ठिणग्या अंगणभर उडाल्या. चष्मा काढला तेव्हा त्याचे डोळे लाल होते; कचरा गेला म्हणाला. कापलेली पट्टी त्यानं पिशवीत घातली आणि भंगारात टाकतो म्हणून घेऊन गेला. त्यानंतर तो जरा गप्प गप्पच असायचा. आपली जायची वेळ जवळ आली म्हणून असेल, असं तिनं धरून चाललं, आणि त्या गप्प राहण्यावरही ती मनातून खूश होती. भोळी कुठली!

गाडी तयार झाली, ती रुजू व्हायच्या आदल्या दिवशी. सकाळी किक मारल्याबरोबर इंजिन असं काही बोललं, की शेजारच्या कोंबड्या पळाल्या. संघप्रियानं मनाशी ठरवलं, आज पहिली चक्कर प्रफुलच्या घरी. तो कधी घरी या म्हणाला नव्हता. आपणच जायचं, त्याच्या आईला जयभीम करायचा, आणि मग त्याला गाडीवर बसवून उमा नदीच्या पुलापर्यंत न्यायचं. मनात आहे ते तिथं सांगून टाकायचं. उद्या एटापल्ली, आज नाही तर कधी? मागं बसायला जागाच नाही हे अर्ध्या रस्त्यात आठवलं, आणि ती एकटीच हसली.

गाडी प्रफुलच्या दाराशी पोचली. ती इंजिन बंद करते न करते, तोच आतून एक बाई गडव्यात पाणी घेऊन लगबगीनं बाहेर आली. ही मनकर्णाबाई, प्रफुलची आई. संघप्रियाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. थेट पुढच्या चाकावर पाणी ओतलं आणि रिकामा गडवा धरून नंबर प्लेटकडे बघत राहिली.

"आवाज आयकला ना मी," ती पुटपुटली. "प्रफुलचे बाबा बाहेरून आले का मी चाकावर पानी टाको. सवयीनं आली... रंग बदलवला तं काय झालं? आमचीच गाडी हाय वं बाई हे."

संघप्रियाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण मनकर्णाबाई बोलतच होती. रेंजरसायबाकडून गाडी घेतली ती प्रफुलच्या बाबांनी, आणि जन्मभर तीच चालवली. ते गेले तेव्हा प्रफुल सूरजागडकडे वेल्डिंगच्या कामावर होता. इकडे काकांनी गाडी कोणालातरी देऊन टाकली. कागद ना बापाच्या नावावर, ना पोराच्या, भांडणार कशावर? गडचांदूरपर्यंतची गॅरेजं धुंडाळली पोरानं. बोलता बोलता मनकर्णाबाईनं मागच्या कॅरिअरवर हात फिरवला, आणि तो तिथंच थांबला. तिला पाठीमागं नीट बसता यावं म्हणून नवऱ्यानं बैलबंडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून सीटखाली लावली होती. ती कुठं गेली, असं ती विचारत होती. मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखं म्हणाली,

"असू दे. गाडी सापडली हेच लय झालं. प्रफुल मले सांगे ना — आई, एका पोरीच्या आंगनात हाय. मी रोज पाहून येतो."

मी रोज पाहून येतो. संघप्रियाला पहिला दिवस आठवला. मिलमागचा रस्ता, उडणारा कोंडा, ते उघडं तोंड... तो तिच्याकडे बघतच नव्हता. नंबर प्लेटकडे बघत होता. टाकीवरचा हात, कॉकचा अंदाज, रोजच्या संध्याकाळी, सगळं गाडीसाठी. आणि ही बया ताडपत्रीखाली भाऊ म्हणायचं विसरत होती! लाजेनं तिचे कान तापले.

तेवढ्यात टॉवेलनं हात पुसत प्रफुल बाहेर आला, आणि समोरचं दृश्य बघून दारातच उभा राहिला.

"प्रफुलभाऊ," ती म्हणाली, "हे तुमची चावी."

चावी ओट्यावर ठेवून ती चालत निघाली. मागून हाक आली. ती वळली नाही.

घरी सोमाजींनी विचारलं, गाडी कुठं आहे? ती म्हणाली, ज्याची होती त्याच्या घरी. उद्या जाशील कशी? बसनं. आणि बस संपल्यावर? ती मोरीत जाऊन नखांतलं ग्रीस घासत बसली. ग्रीस काही निघत नव्हतं, डोळ्यांतलं पाणी मात्र थांबत नव्हतं.

घासता घासता तिचा हात थांबला.

बैलबंडीची धाव. जाड, वाकडी लोखंडी पट्टी. नक्की कापू, असं कोणी विचारलं होतं? ज्याला नुसती गाडी हवी, तो एका शब्दात म्हणाला असता, गाडी आमची आहे. तिनं उभ्या उभ्या देऊन टाकली असती, हे त्यालाही ठाऊक होतं. तो बोलला नाही. बापानं आईसाठी जोडलेली पट्टी त्यानं आपल्या हातानं कापली, तिच्या लसींच्या डब्यासाठी... आणि ती हसली होती. हाड थोडी हाय म्हणाली होती. सकाळचा धक्का परवडला, असा हा दुसरा होता.

बाहेर ओळखीचा आवाज झाला. ती धावतच अंगणात आली. प्रफुल गाडी भिंतीला लावून, चावी हातात घेऊन उभा होता. सोमाजींनी पेपर चेहऱ्यासमोर धरला.

"एकच सांगा," ती म्हणाली. "इथी कोनासाठी येत होते?"

"पयल्या दिवशी गाडीसाठी," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशीबी गाडीसाठीच. खोटं काऊन सांगू?"

"आन मंग?"

"मंग एक दिवस थे स्प्रिंग उरली. सारं खोला लागलं." तो खाली बघत होता. "तवा मले वाटलं, आनखी दोन-चार उराव्या..."

तिला हसू फुटत होतं आणि रडूही. तिनं दोन्ही आवरलं.

"सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तं तुमी गाडी देऊन टाकली असती. मंग एटापल्लीले जाता कशानं? आईबी म्हनते, पोरीची गाडी पोरीले देऊन ये. घ्या."

त्यानं चावी पुढं केली. तिनं घेतली नाही.

"पट्टी कुठी टाकली?"

त्यानं चावी खिशात टाकली. मग हँडलला लटकवलेल्या पिशवीतून त्यानं ती काढली. भंगारात टाकलीच नव्हती. उलट घासून, तेल लावून ठेवली होती. संघप्रियानं ती दोन्ही हातांत घेतली आणि त्याच्यासमोर धरली.

"जोडा."

"का?"

"पट्टी जोडा जागेवर. सीटबी बसवा. आजच."

"आन डबा?"

"डबा बाजूले लटकवता येते," ती म्हणाली. "मानूस बाजूले लटकवता येत नाई."

प्रफुल थिजला. तोंड उघडं, डोळे थेट तिच्याकडे, अगदी पहिल्या दिवशीसारखे. एकदा फसलेली पोरगी ती, तिनं मान वळवून मागं बघून घेतलं. मागं नुसतं अंगण होतं. गाडी दुसऱ्या बाजूला, भिंतीशी उभी होती.

"नक्की जोडू?" त्यानं विचारलं.

"काय झालं प्रफुल, भूत पाह्यलं काय?"

सोमाजींनी पेपरची घडी घातली, खुर्ची उचलली आणि ओसरीवर नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली.