उर्वीचा पहिला नंबर

मधल्या सुट्टीत शाळेच्या कँटीनमध्ये आता पूर्वीसारखा गोंगाट नसे. मुलं घास उचलत आणि आधी ताटाच्या काठाकडे बघत. काठावर हिरवा दिवा लागला की घास तोंडात जाई. लाल लागला की बहुतेकदा परत ताटात.

ही ‘अन्नवाचक’ ताटं जूनमध्ये आली होती. तळाशी बसवलेले संवेदक प्रत्येक घासातली साखर, तेल आणि मीठ मोजत आणि मुलांचे गुण भिंतीवरच्या पडद्यावर दाखवत. मुलांना सकस खाण्याची सवय लागावी, एवढाच हेतू होता. सुरुवातीला तो साधलाही. मटकीची उसळ संपू लागली, पोरं काकडी मागून घेऊ लागली. स्वयंपाक करणाऱ्या वैजयंतामावशींना त्याचं कौतुकच वाटलं.

सहावीतल्या उर्वीच्या वाढदिवसाला मावशींनी शिरा केला. तिने दोनदा घेतला. ताट लाल झालं, पडद्यावर तिचं नाव तळाला गेलं आणि वर्ग आठवडाभर तिला “लाल उर्वी” म्हणून चिडवत राहिला.

त्यानंतर ती वर चढू लागली. दिवाळीनंतर तिचा पहिला नंबर आला आणि तो हललाच नाही. कसा, ते मावशींना ठाऊक होतं, कारण ताटं त्या धूत. भाकरी, भाजी, वरण, सगळं तसंच परत येई. काकडीच्या चार फोडी तेवढ्या गेलेल्या.

मावशी मुख्याध्यापिका पेठकरबाईंकडे गेल्या.

“बाई, माळवद्यांची उर्वी जेवतच नाही. हात बघा तिचे, काड्या झाल्यात.”

“मावशी, यंत्र घास न् घास मोजतं. ती अख्ख्या शाळेत पहिली आहे.”

“पण मी ताट बघते ना रोज!”

“तुम्ही स्वयंपाकाचं बघा. बाकीचं आम्ही बघतो.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी घरून स्टीलची ताटली आणली. वरण-भात, वर तुपाची धार घालून उर्वीला आडोशाला बसवलं. “खा गं बाळा. इथं कोणी बघत नाही.”

उर्वी भाताकडे बघत राहिली. “मावशी, हे चांगलं आहे की वाईट, मला कसं कळणार?”

तिने घास घेतला नाही. मावशींनी पुन्हा कोणाकडे तक्रार केली नाही. नोकरी होती, वय झालं होतं.

जानेवारीत प्रार्थनेच्या वेळी उर्वी कोसळली. उपासमारीने हृदय थकलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने सगळ्या नोंदी तपासल्या. “बिघाड काहीच नाही,” तो म्हणाला. “जास्त झालं तर ताट सांगतं. कमी पडलं तर सांगायचं, असं कोणी त्याला शिकवलेलंच नाही.”

पंधरा दिवसांनी उर्वीची आई दप्तर न्यायला आली आणि ते छातीशी धरून कँटीनच्या दारात थांबली. मावशी भांडी घासत होत्या. नळाचं पाणी वाहत राहिलं.

“आम्हाला रोज मोबाइलवर तिचे गुण यायचे,” आई म्हणाली. “घरी ती ‘शाळेत पोटभर जेवले’ म्हणून ताट बाजूला सारायची, आणि ते गुण बघून आम्हाला खरं वाटायचं. आम्ही ते नातेवाइकांना दाखवायचो. पण मावशी, तुम्ही तर तिचं ताट बघत होतात. मला एकदा तरी का नाही सांगितलंत?”