टाकीवरचा मैसूरपाक

म्हैसूरच्या गोकुलममध्ये योग शिकायला आलेली परदेशी मंडळी सहसा डगमगत नाहीत. कुत्र्यांचं भुंकणं, लग्नाचा बँड, शेजारच्यांचं भांडण, सगळं ती डोक्यावर उभी राहून पचवतात. विजयादशमीच्या सकाळी मात्र दीर्घ श्वसनाची पाळी आली आणि गच्चीवरच्या साऱ्या मंडळींनी चटया गुंडाळल्या.

वास शेजारच्या नागोजीरावांच्या हॉलमधून येत होता.

दुपारी नागोजीरावांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. शकुंतलाबाई गावातल्याच अग्रहार भागात एकट्या राहत. अन्नभेसळ खात्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या. उभी कारकीर्द दुसऱ्याच्या पोटात काय काय ढकललं जातं ते हुंगण्यात गेल्यामुळे माणसांविषयी त्यांचे फारसे गैरसमज उरले नव्हते.

"आक्का, सुनेनं मासे मारले," नागोजीराव म्हणाले. "कसलं विष ते तू येऊन सांग, बस. संध्याकाळी तिच्या वडिलांना पुण्याला फोन करणार. घेऊन जा म्हणणार."

"विष नसलं तर?"

"असणारच की."

शकुंतलाबाईंनी पदराला लावायची पिन शोधली, निलगिरीची बाटली घेतली आणि रिक्षा केली.

हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी ही नागोजीरावांची समाजातली उंची होती. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर बसले. नागोजीराव निवृत्तीनंतर या टाकीसमोर बसत. समुद्र कोसांवर असलेल्या गावात समुद्र बाळगणं म्हणजे काही कमी पराक्रम नव्हता.

आता त्या समुद्राकडे बघवत नव्हतं. पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं झालं होतं. वर जाड सायीसारखा थर होता आणि त्यात पिवळा मासा आडवा पडला होता, डोळे चुन्यासारखे. दोन नारिंगी मासे कोपऱ्यात एकमेकांना चिकटले होते. प्रवाळांचं मांस सुटून कातडीच्या चिंध्यांसारखं लोंबत होतं. गोगलगायी काच चढून झाकणाच्या कडेपर्यंत आल्या होत्या आणि तिथेच मरून सुकल्या होत्या.

"बघ, पाणी पांढरं," नागोजीराव नाकाला उपरणं लावून म्हणाले. "फिनेल. परवा हीच सर्वांसमोर म्हणाली, एक दिवस यात फिनेल ओतीन."

सून इरा जिन्याच्या पायरीवर बसली होती. लग्न होऊन पुण्याहून आली त्याला वर्षही झालं नव्हतं. शेजारी भरलेली बॅग होती. बॅग नागोजीरावांनी भरायला सांगितली होती. नवरा, म्हणजे गगन, खिडकीपाशी उभा राहून फोनमध्ये बघत होता.

शकुंतलाबाईंनी वाटीभर पाणी काढलं आणि हुंगलं. हॉलमध्ये फक्त त्यांनाच ते जमलं.

"फिनेल इतकं लाजाळू नसतं," त्या म्हणाल्या. "असतं तर या वासातही उठून बोललं असतं."

"मग दुसरं काहीतरी," नागोजीराव म्हणाले.

शकुंतलाबाईंनी आधी इराला विचारलं.

"म्हणाली होतीस?"

"म्हणाले होते. रोज जेवताना तो वास. पण ओतलं नाही."

"रात्री कोण होतं घरात?"

"मी एकटी. काल नवमीची संध्याकाळची आरती झाली आणि हे दोघे बसनं श्रीरंगपट्टणला मामांकडे गेले. माझं डोकं दुखत होतं. मी टाकीवर पडदा ओढला आणि वर जाऊन झोपले. सकाळी उठले ते ह्यांच्या बादल्यांच्या आवाजानं."

"टाकी बघितली नाहीस?"

"बघायची नाही असं मला सांगितलंय. कंट्रोलर बघतो."

हा कंट्रोलर गगननं पावसाळ्यात बसवला होता. त्याआधी नागोजीराव सकाळ-संध्याकाळ काचेला हात लावून बघत. कंट्रोलरचा डबा टाकीखालच्या कपाटात भिंतीला स्क्रूनं घट्ट बसवलेला. त्याची एक लांबलचक वायर, उरलेली वेटोळी करून, वर जाई आणि तिच्या टोकाची काळी कांडी पाण्यात बुडे. तिला गगन सेन्सर म्हणे. सेन्सरला पाणी पंचवीस अंशांच्या खाली लागलं की हीटर सुरू, वर गेलं की बंद. जुना हीटर पाणी पुरेसं तापलं की स्वतःहून बंद होई, म्हणून तो गगननं काढून टाकला होता. एका घरात दोन डोकी कशाला, असं त्याचं म्हणणं. नागोजीरावांना हे काही पटलं नव्हतं. मुलानं टाकीला आया ठेवली, असं ते गावभर सांगत. गगन ते गावभर ऐकत असे.

"तू कधी बघितलंस?" शकुंतलाबाईंनी भाच्याला विचारलं.

"सकाळी, आत्या. अप्पा देवराज मार्केटात फुलं घ्यायला उतरले, मी पुढे आलो. येतो तर सगळं संपलेलं. तरी मी ड्रममधलं ताजं खारं पाणी ओतलं, जुनं उपसलं. पंप बंद केला. जेवढं जमलं तेवढं केलं."

"पाणी तापलं असेल?"

"शक्यच नाही." गगननं फोन पुढे धरला. त्याला या प्रश्नाची वाट असावी. "हा ग्राफ बघा. रात्रभर पंचवीसच्या खालीच आहे. पहाटे तर आणखी उतरलाय. मशीन खोटं बोलत नाही."

शकुंतलाबाईंनी चष्मा वर ढकलला. रेघ खरंच खाली होती. पहाटे आणखी वाकली होती, जशी म्हैसूरची हवा वाकते. फक्त आदल्या संध्याकाळी एका ठिकाणी रेघेला छोटासा उंचवटा आला होता, टेंगळासारखा, आणि लगेच विरला होता.

"हे काय?"

"असंच काहीतरी. सुम्ने."

इतक्यात नागोजीरावांना आठवण झाली की बहीण सणाची आली आहे. अशा वासातही पाहुणचार चुकता कामा नये. टाकीच्या झाकणावरून त्यांनी मिठाईचा डबा उचलला आणि उघडून पुढे केला. इरानं तोंड फिरवलं.

"मैसूरपाक. नवमीला सकाळी आणला. टाकीवर ठेवला की मुंग्या लागत नाहीत. काच चढता येत नाही त्यांना."

शकुंतलाबाईंनी तुकडा घेतला नाही. पण डब्याकडे त्या टाकीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. तुकडे वाळक्या स्पंजासारखे कोरडे पडले होते. सगळं तूप डब्याच्या एका कोपऱ्यात जमून दाणेदार, पांढरं थिजलं होतं.

"डबा इथून हलला होता?"

"नाही."

"इथे ऊन येतं?"

"अय्यो, ऊन येऊ नये म्हणून तर टाकी इथे ठेवली."

त्या उठून टाकीला लागूनच असलेल्या देवघरात गेल्या. खंडेनवमीची पूजा तशीच मांडलेली होती. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही, ही घरची रीत. आणि आज उत्तरपूजेची कुणाला शुद्ध नव्हती. मोठ्या तबकात अक्षतांचा बिछाना. मधोमध पणजोबांची तलवार. तिच्या आजूबाजूला घरातलं जे जे राबतं ते सगळं: मोटारीची किल्ली, पाना, कात्री, मिक्सरचं पातं, इंटरनेटचा डबा, तोही वायरीसकट, चालूच. प्रत्येकावर कुंकू आणि वर झेंडूचा ढीग.

शकुंतलाबाईंनी फुलं बाजूला केली आणि खालच्या अक्षता न्याहाळल्या.

परत आल्यावर त्यांनी गगनला विचारलं, "घरात सगळ्याची पूजा झाली?"

"हौदू, सगळ्याची," नागोजीरावच म्हणाले. "मी तलवारीची केली, बाकी यानं मांडलं. मिक्सरसुद्धा सोडला नाही."

"कंट्रोलरची?"

"झाली ना," गगन म्हणाला. "तो भिंतीला आहे. तिथेच कुंकू लावलं."

शकुंतलाबाई गुडघे धरून खाली बसल्या आणि कपाट उघडलं. डबा स्वच्छ होता. कुंकवाचा ठिपका नाही, पुसल्याचा डागही नाही. मग त्यांनी बाही वर सारली, झाकण उचललं आणि सेन्सरची वायर धरून हळूच ओढली.

थांबलेल्या पांढुरक्या पाण्यात कांडीच्या टोकापासून एक लाल दोरा निघाला. वळत वळत तो मेलेल्या पिवळ्या माशापर्यंत गेला.

"रक्त," नागोजीराव पुटपुटले.

"शिजलेल्या माशाला कुठलं रक्त?"

कांडी बाहेर आली. काचेला चिकटवायच्या रबराच्या खाचेत ओलं कुंकू भरलं होतं. त्यात तांदळाचा एक दाणा रुतला होता, हळद लावलेला.

गगननं फोन खिशात घातला.

"नागोजी, बस," शकुंतलाबाई म्हणाल्या. "डबा भिंतीला, म्हणून तबकात बसेना. मग ह्यानं त्याचा सुटा भाग, ही कांडी, लांब वायरीसकट पाण्यातून काढला, पुसला आणि तलवारीशेजारी निजवला. अक्षतांत अजून त्याची खाच आहे, बोटभर रुंद, वर झेंडू टाकून बुजवलेली. पूजेला बसलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. इथपर्यंत काही वाईट झालं नाही. विसराळूपणा झाला."

"मग ग्राफ?"

"ग्राफ अगदी खरा आहे. तो देवघराचा आहे. खिडकी उघडी, पहाटेचा गारवा, सगळं त्यात आहे. संध्याकाळचं ते टेंगूळ म्हणजे तुझी आरती. तू तबकावरून कापूर ओवाळलास, तो कांडीला लागला. मशीनला वाटलं समुद्र तापला. कापूर विझल्यावर पुन्हा वाटलं समुद्र गारठलाय. रात्रभर गारठलेलाच राहिला आणि हीटर रात्रभर पाणी तापवत राहिला. त्याला थांबवणारं दुसरं डोकं ह्यानं आधीच काढून टाकलं होतं. वर तुझा मैसूरपाक होता. त्यातलं तूप वितळून कोपऱ्यात उतरलं आणि टाकी निवल्यावर थिजलं. इरानं विष ओतलं असतं तर तूप कशाला वितळलं असतं?"

नागोजीराव डब्याकडे बघत राहिले. मग मुलाकडे.

"सकाळी हा आला," त्या पुढे म्हणाल्या, "तेव्हा टाकीला हात लावताच ह्याला कळलं. तू मार्केटात होतास. ह्यानं हीटर बंद केला, बादल्या ओतून पाणी निववलं आणि तबकातली कांडी उचलून पाण्यात सोडली. मासे वाचवायला नाही. ते तर मेलेच होते. आणि कुंकू धुऊन टाकायचं भान राहिलं नाही."

"रात्री मशीननं काही सांगितलं नाही?" इरानं जिन्यावरून विचारलं. तिचा आवाज शांत होता.

गगन तिच्याकडे न बघता म्हणाला, "हीटर सतत चालू आहे, असं येत होतं. सारखं येत होतं. मी आवाज बंद केला. मामांकडे पत्ते चालले होते."

बाहेर शेजारच्या कुणीतरी खिडकी लावून घेतली.

"अप्पा मला आयुष्यभर ऐकवत बसले असते," तो म्हणाला. "आया ठेवली म्हणून. फिनेलचं मी नाही काढलं, अप्पांनीच काढलं. मी फक्त काही बोललो नाही. नंतर सांगणारच होतो."

"कधी?" इरा म्हणाली. "मी पुण्याला पोचल्यावर?"

गगन खालच्या आवाजात म्हणाला की शेवटी मासेच तर होते. शकुंतलाबाईंनी तोपर्यंत निलगिरीच्या बाटलीला हात लावला नव्हता. आता त्यांनी ती उघडली आणि नाकाशी धरली.

नागोजीरावांना काहीतरी थोरपणाचं बोलायचं होतं. ते इराला म्हणाले, "बाळ, बॅग आत ठेव. झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात."

"बॅग तुम्ही भरायला लावलीत, बाबा. आता भरलीच आहे." ती उठली. "मी सकाळपासून या पायरीवर बसले आहे. तो समोर उभा होता. एकदा मान वर केली असती तरी मी थांबले असते."

ती टाकीपाशी थांबली नाही. शकुंतलाबाईंच्या पाया पडली आणि आज रात्री तुमच्याकडे राहू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली आणि बॅगेचा एक बंद धरला.

दारात नागोजीरावांनी बहिणीला गाठलं. हलक्या आवाजात विचारलं की एवढं झाल्यावर आता टाकीला तो कंट्रोलर ठेवावा की काढावा.

"ठेव," शकुंतलाबाई म्हणाल्या. "काल रात्री या घरात खरं बोलणारं तेवढं एकच होतं. जिथे ठेवलं तिथली हवा त्यानं सांगितली, हीटरची तक्रारही केली. त्याच्याकडे बघणारं माणूस हवं होतं. ते तुमच्याकडे नाही. ते काही दुकानात मिळत नाही."

रिक्षा वळेपर्यंत नागोजीराव फाटकात उभे होते. मग आत येऊन त्यांनी कोपऱ्यातली मासे पकडायची जाळी उचलली आणि मुलाच्या हातात दिली.

गगननं कांडी धुऊन पाण्यात सोडली, कारण ती बाहेर लोंबताना बरी दिसत नव्हती. मग कोपरापर्यंत हात सायीत घातला. पिवळा मासा जाळीत आला, पण अर्धाच. उरलेला बोटांना चिकटला.

खिशात फोन वाजला. हात पँटला पुसून त्यानं बघितलं.

टाकीचं तापमान योग्य. सर्व सुरळीत.