माँटे कार्लोला आलेला फोन

“माझ्यावर आळ आलाय, मॅडम. चोरीचा असता तरी परवडला असता,” खुर्चीत बसायच्या आधीच सुबोध तांबे म्हणाले.

इरावती सबनीसने समोर बसलेल्या जोडप्याकडे पाहिलं. तिच्या मुलुंडच्या डिटेक्टिव्ह कचेरीत नवरा-बायको बहुधा एकमेकांविरुद्ध येत. हे दोघं एकत्र आले होते, पण बोलत होते ते एकटे सुबोध. त्यांची बायको नमिता खाली मान घालून बसली होती.

इरावतीचे मदतनीस चंद्रप्रकाशकाका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी वही उघडली. काका लिहून सगळं घेत, पण त्यातलं कळत फार थोडं.

“लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही टूरबरोबर युरोपला गेलो,” सुबोध सांगू लागले. “मंगळवारी माँटे कार्लोला होतो. समुद्र, बोटी आणि तो कसिनो, एकदम झकास! हिचं लहानपणापासूनचं स्वप्न. आणि त्याच दिवशी इथे गोराईत हिची आई, कृष्णाबाई, गेली. हिच्या भावाने, दिपेशने, हिला फोन केला. तो कुणीतरी घेतला, ऐकला आणि ठेवून दिला. आम्हाला कळलं ते शनिवारी, मुंबईत उतरल्यावर.”

“आणि दिपेशना वाटतं, तो फोन तुम्ही घेतलात?”

“टूर बुडू नये म्हणून मी बातमी दाबली म्हणतो. परवा बारावं आहे. मी उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, असा निरोप आलाय.” त्यांचा आवाज चढला. “दोन वर्षांपूर्वी हिची गर्भपिशवी काढली, तेव्हा सासूबाई दोन महिने आमच्याकडे बोरिवलीला राहिल्या. मला गरम भाकरी करून वाढायच्या. असल्या बाईचं मरण मी लपवेन?”

“फोन कुठे होता, नमिताताई?”

“पर्समध्ये. आणि पर्स दिशाकडे दिली होती, आमच्या टूर मॅनेजरकडे.” नमिता पहिल्यांदाच बोलली. “नंतर बघितलं तर फोन आल्याची नोंदसुद्धा नव्हती.”

“पुसली असणार. तुमचा फोन आणखी कुणाला उघडता येतो?”

“कुणालाच नाही,” सुबोध म्हणाले. “हिच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. मी तर कितीदा चिडवतो हिला त्यावरून. माझ्या फोनात तिकडचं कार्डच नव्हतं.”

“परत आल्यापासून ताई कशा आहेत?”

“खचलीय हो. बोलत नाही, जेवत नाही. रविवारपासून पहाटे उठून देवाला दिवा तेवढा लावते.”

चंद्रप्रकाशकाकांनी ‘दिवा’ असं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

दिशा अंधेरीला टूर कंपनीच्या कचेरीत भेटली. चुणचुणीत मुलगी, पण फोनचं नाव काढताच तिचा चेहरा उतरला.

“काकूंनी पर्स दिली होती, खोटं कशाला बोलू? कसिनोच्या दारात, पाच मिनिटं. मी तीस जणांचे पासपोर्ट मोजत होते. फोन वाजलाच नाही. आणि घरचं कुणी वारलं तर आम्ही माणसाला परत पाठवतो, लपवत नाही. तिकिटाची सोय असते त्याची.”

“पर्स देण्याआधी काकू कुठे होत्या?”

“समोरच्या बागेत. काका पुढे रांगेत उभे होते. काकू म्हणाल्या, तू हो पुढे, मी आले.”

“त्यानंतर त्यांच्यात काही बदल दिसला?”

दिशाने जरा आठवून पाहिलं. “बसमध्ये रोज सकाळी आरती व्हायची, ती काकूच म्हणायच्या. काय आवाज आहे! पण बुधवारी आणि गुरुवारी त्यांनी माइक माझ्याकडे दिला. ‘अडचण आहे गं’ म्हणाल्या. शुक्रवारी सकाळी न्हाऊन आल्या आणि पुन्हा म्हटली.”

काका लाजून खिडकीबाहेर बघू लागले. बायकांच्या गोष्टी त्यांनी वहीत घेतल्या नाहीत.

बाहेर पडल्यावर ते म्हणाले, “पोरगी पक्की आहे, बाई. हिनेच केलं. मधेच एक जोडपं परत पाठवायचं म्हणजे डोक्याला ताप!”

“आणि काका, नोंद पुसायला अंगठा कुणाचा लावला तिने?”

इरावतीने तिथूनच सुबोधना फोन लावला आणि बायको बुधवारी-गुरुवारी आरती का म्हणत नव्हती, ते विचारलं.

“घसा बसला होता तिचा. मासेसुद्धा सोडले होते. कोळ्याची पोर आणि मासे नको म्हणते! मी थट्टा केली तर रडायलाच लागली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इरावती आणि काका होडीने गोराईला गेले. दिपेश अंगणात जाळं समोर घेऊन बसला होता, पण त्याचे हात चालत नव्हते.

“अडीच वाजले असतील तिकडे. मी सांगलं, बाय, आई गेली, कवा येशील? तिकरून कोन बोललाच नाय. एक मिनिट चाळीस सेकंद. मी बोलतोय नि तिकडे कोनतरी श्वास घेतंय. मग ठेवला.”

“पुन्हा का नाही केलात?”

“बातमी पोचली ना? मग विनवण्या करू काय? दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत थांबलो. बरफावर ठेवली आईला.” त्याने तोंड फिरवलं. “मी सुतकाचे बारा दिवस धरलेत. लगीन झाल्या पोरीला तीनच. तेवढं तरी तिने पाळलं काय, देवाला माहीत.”

संध्याकाळी बोरिवलीला तांब्यांच्या घरी इरावतीने चहाला नको म्हटलं. सुबोध उतावीळ झाले होते.

“तांबेसाहेब, फोन तुम्ही घेतला नाहीत आणि दिशानेही नाही,” ती म्हणाली. “परक्याच्या हाती फोन लागला, तर तो ‘ताई इथे नाहीत’ असं म्हणतो किंवा लगेच कापतो. दीड मिनिटाच्या वर गप्प राहून ऐकतो तो ज्याच्या पायाखालची जमीन सरकलीय, तोच.”

“म्हणजे?”

“मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस कुणीतरी देवाचं नाव घेतलं नाही, मासे खाल्ले नाहीत आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आरती म्हटली. तुम्हाला कारण सांगितलं घशाचं आणि दिशाला अडचणीचं. गर्भपिशवी दोन वर्षांपूर्वीच काढली, हे दिशाला ठाऊक नव्हतं. लग्न झालेल्या मुलीचं सुतक किती दिवसांचं, ते दिपेशनेच सांगितलं.”

सुबोधनी वळून बायकोकडे पाहिलं.

“चूक झाली ती दिव्याची. आईची बातमी जिला शनिवारी कळते, ती त्या दिवसापासून तीन दिवस धरते. ताईंनी रविवारी दिवा लावला, कारण त्यांचं सुतक फिटलं होतं. नवरा, टूरवाले, भाऊ, सगळ्यांना फसवता येतं. पण सोवळ्या-ओवळ्यात लबाडी करायला त्यांचं मन धजलं नाही.”

चंद्रप्रकाशकाकांनी वही मिटली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मी ठरवून नाही केलं,” नमिता म्हणाली. “बागेत फोन आला. समोर ते दार होतं, हे हात करून बोलवत होते. वाटलं, अर्धा तास आत जाऊन येते, मग सांगते. सांगितलं असतं तर आत जायला मिळालं नसतं. एवढाच विचार केला मी, एवढाच! नोंद पुसली ती ह्यांना दिसू नये म्हणून. बाहेर आल्यावर तोंडच उघडेना. आधी का नाही सांगितलंस, याला काय उत्तर देऊ? मग दिवस जाईल तसं अजूनच कठीण झालं.”

“काय होतं आत?” सुबोधनी अगदी हळू विचारलं.

“आठवत नाही. तासभर होते मी, पण काही म्हणजे काही आठवत नाही.”

सुबोध उठले. “मॅडम, दिपेशला सांगा, मीच होतो. तसाही तो मला मानत नाही. हिचं माहेर राहू दे.”

“नको,” नमिता म्हणाली. “तुमच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले. ते पाप आईची बातमी दाबल्याच्या पापाहून मोठं आहे. आत्ता चला.”

इरावती आणि काकाही बरोबर गेले. गोराईच्या घरासमोर दिपेश वाट अडवून उभा राहिला. नमिताने तिथल्या तिथे, शेजाऱ्यांच्या देखत, सगळं सांगितलं.

ती थांबल्यावर तो सुबोधजवळ गेला आणि त्याने हात जोडले. “दाजी, चुकलो मी. आत या.”

सुबोधनी मागे पाहिलं. दिपेशने त्यांचा दंड धरून त्यांना आत नेलं.

नमिता पायरीखालीच थांबली. तिला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.