कड्याआडचा आवाज

महिनाभर गाडीत नुसती खरखर होती. रेडिओ बिघडला नव्हता. जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण देशभर बंद झालं होतं आणि ते पकडणारे सगळे संच एका दिवसात निकामी झाले होते. तरीही कुमुद आठल्ये लेकीच्या गाडीत बसल्या की आधी तेच बटण दाबत, थोडी खरखर ऐकत आणि बंद करत.

शेवटी केतकीने कोल्हापुरात शबाना मुजावरच्या रेडिओच्या दुकानात गाडी नेली. गाडीत जागा एकाच संचाची होती. पर्याय दोन होते. एक जमिनीवरचा, म्हणजे गावोगावच्या मनोऱ्यांवरून येणारा डिजिटल रेडिओ. दुसरा उपग्रहाचा.

"जमिनीवरचा सरळ आहे ताई, पण तुटक," शबाना म्हणाली. "पोचला तर काचेसारखा स्वच्छ. नाही पोचला तर एकदम चिडीचूप. आधीसारखं हळूहळू बारीक होत जाणं नाही."

"आणि हा?" कुमुदताईंनी दुसऱ्या संचावर बोट ठेवलं.

"हा गप्पच बसत नाही, काकू. आमच्या सासूबाईंसारखा."

केतकी हसली. आई हसली नाही. गप्प न बसणं म्हणजे नेमकं काय, हे तिला विचारून घ्यायचं होतं.

शबानाने समजावून सांगितलं. उपग्रह दक्षिणेच्या आकाशात असतो. मध्ये डोंगर आला की संपर्क तुटतो. पण तोवर संचाने बोलणाऱ्याचा आवाज, त्याची ढब, त्याचे नेहमीचे शब्द टिपून ठेवलेले असतात. त्यावरून हा माणूस पुढे काय म्हणाला असता याचा अंदाज बांधून संच त्याच आवाजात बोलत राहतो. संपर्क परत आला की बाजूला होतो. कंपनीने त्याला 'भरणी' असं नाव दिलं होतं. भरणी चालू असताना पिवळा दिवा लागलाच पाहिजे, असा कायदा होता. बहुतेकांचं त्या दिव्याकडे लक्षही जात नसे.

"गाडीतलं बोलणंही ऐकतो का तो?" केतकीने विचारलं.

इंजिनाचा आवाज वजा करायला आत माइक असतो, तेवढं ऐकतो, असं शबाना म्हणाली.

"हाच बसव," कुमुदताई म्हणाल्या.

त्यांना हाच का हवा होता, हे केतकीला ठाऊक होतं. तिचे वडील, रघुवीर आठल्ये, निवृत्त होईपर्यंत आकाशवाणीवर निवेदक होते. सकाळी गावोगावच्या बातम्या, बाजारभाव, कोण गेलं, हवामान असा त्यांचा कार्यक्रम कोकणात घरोघरी लागत असे. त्याची जुनी ध्वनिमुद्रणं आता लोक हौसेने ऐकत. जमिनीवरच्या केंद्रावरून ती फक्त गुरुवारी सकाळी लागत. उपग्रहाच्या कोकण वाहिनीवर रोज, दिवसभर.

केतकीने लगेच हो म्हटलं नाही. तेव्हा शबानाने दोन्ही संच तात्पुरते जोडून दिले आणि मध्ये एक बटण बसवलं. दोन्ही ऐकून बघा, परत याल तेव्हा एक ठेवा आणि एक द्या, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. रघुवीररावांच्या वर्षश्राद्धासाठी मायलेकी साखरप्याला, धाकट्या काकांकडे निघाल्या. मलकापूर सुटलं तेव्हा जमिनीवरच्या संचावर त्यांचाच कार्यक्रम लागला होता. कुठल्याशा गावचे जुने शाळामास्तर वारल्याची बातमी त्यांनी वाचली आणि ते थांबले.

ही त्यांची पद्धत होती. कुणी गेल्याची बातमी दिली की ते एक श्वासभर काहीही बोलत नसत. यावरून वरिष्ठांनी त्यांना अनेकदा झापलं होतं. रेडिओवर शांतता म्हणजे चूक, ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. रघुवीरराव म्हणत, त्या घरातल्या माणसांना तेवढा वेळ द्यायला नको का? लहानपणी केतकी स्वयंपाकघरात दूध पिता पिता ती शांतता ऐकत असे आणि आई तेवढा वेळ हातातलं भांडं वाजू देत नसे.

केतकीने बटण फिरवलं. उपग्रहाच्या वाहिनीवर दुसऱ्या कुठल्या तरी सकाळचा तोच कार्यक्रम चालू होता. तिथेही थोड्या वेळाने एका म्हातारीच्या निधनाची बातमी आली. वडील थांबले. आणि लगेच त्यांच्याच आवाजात, घाईने, "यानंतर ऐकू या हवामान," असे शब्द आले. संचाच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा दिवा लुकलुकून विझला. मग खरे वडील हवामान सांगू लागले.

"ऐकलंस?" केतकी म्हणाली. "त्यांच्या थांबण्याला तो बिघाड समजला. भरून टाकलं त्याने."

आईने कपाळावरची टिकली काढली आणि पिवळ्या दिव्यावर नीट दाबून चिकटवली.

केतकीला ते सहन होईना. तू स्वतःला फसवते आहेस, असं तिने म्हणून टाकलं. ते बाबा नाहीत. बाबांची शांतता हेच बाबा होते, आणि हा नेमकी तीच पुसून टाकतो.

"शांतता," कुमुदताई म्हणाल्या. "तुला हवी आहे ती. तू शनिवारी यायचीस आणि रविवारी जायचीस. मी रोज ऐकली."

पक्षाघाताने रघुवीररावांची वाचा गेली होती. त्यानंतर ते वर्षभर, गेल्या माघापर्यंत जगले, एकही शब्द न उच्चारता. बायको पेज भरवायची आणि एकटीच बोलत राहायची. त्यांना कळतं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

आंबा घाट सुरू झाला. केतकीने बटण उपग्रहावरच राहू दिलं.

घाटात एका वळणावर रस्ता काळ्या कड्याच्या अगदी पोटाशी जातो. दक्षिणेचं आकाश तिथे दिसतच नाही. गाडी त्या सावलीत शिरली तेव्हा वडील काजूचा भाव सांगत होते, आणि सांगतच राहिले. टिकलीच्या कडेने पिवळा उजेड झिरपला.

"अहो," कुमुदताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "गाडी फार जोरात चालवते ही."

"घाटातून जाणाऱ्या वाहनचालकांनी," रेडिओतून वडील म्हणाले, "वेग कमी ठेवावा."

केतकीने चमकून संचाकडे पाहिलं. माइक. त्याने आईचं वाक्य ऐकून अंदाजात मिसळलं होतं, एवढंच. तिला ते पुरतं समजत होतं. तरी तिचा पाय ब्रेकवर गेला आणि रुंद वळणाच्या कडेला तिने गाडी उभी केली.

आई संचाकडे झुकली होती. "दुखतंय का हो अजून?"

"येत्या चोवीस तासांत," तो ओळखीचा, संथ, जराही न अडखळणारा आवाज म्हणाला, "वेदना कमी होत जातील. रात्री थंडी राहील."

कुमुदताईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला केतकीने वर्षभरात पहिल्यांदा पाहिला. तिने बटण फिरवलं. जमिनीवरच्या संचावर तिथे काहीच नव्हतं, खरखरसुद्धा नाही. खाली दरीत कुठेतरी पाणी वाजत होतं. त्या दोघी ते ऐकत बसल्या.

"मला कळतं गं," आई म्हणाली. "शबानाने सांगितलं तेव्हाच कळलं. मला खुळी समजू नकोस. वर्षभर मी प्रश्न विचारले. एकदा कुणीतरी उत्तर दिलेलं ऐकायचं होतं. खोटं का असेना." मग म्हणाली, "तुला काहीच विचारायचं नाही त्यांना?"

केतकीला विचारायचं होतं. एकच गोष्ट. रविवारी संध्याकाळी निघताना ती त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगायची आणि त्यांचे डोळे छताकडेच असायचे. तिने हात पुढे केला. बटण उपग्रहावर आलं. टिकलीखाली पिवळा उजेड होताच.

"बाबा," ती म्हणाली, "मी सांगत होते ते तुम्हाला ऐकू येत होतं का?"

रेडिओ गप्प झाला.

तिने वाट पाहिली. कुठल्याही क्षणी तो आवाज घाईने हवामानाकडे वळेल, याची तिला खात्री होती. शांतता म्हणजे बिघाड, एवढंच त्या यंत्राला ठाऊक होतं. ती भरून काढण्यासाठीच ते बनवलेलं होतं. पण ते बोललं नाही. एक श्वास गेला, बाबा थांबत तेवढाच. आईने हातातल्या बांगड्या मुठीत घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून.

टिकलीच्या कडेने उजेड अजून झिरपत होता. म्हणजे भरणी चालूच होती. मग ही शांतता कुणी भरली होती?