माणसं किती?

मोहाडीच्या रत्नाबाईंच्या घरात हातमाग सुरू असला की दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे. त्याच खटखटीत त्यांची सून रुपा स्वयंपाकघरात पाठांतर करायची, आणि सासूने दमून माग थांबवला की आतून ओरडायची, "आई, थांबवू नका जी! आवाज बंद झाला का माह्यं चुकते."

पाठांतर होतं लष्कराच्या पुरवठ्याचं, म्हणजे तुकडीने सामान कसं मागायचं आणि कोठाराने ते कसं द्यायचं याचं. रुपाचा नवरा जागेश्वर फौजेत याच खात्यात होता. उंचावरच्या एका चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि तो गेला. त्याच्या जागी अनुकंपा म्हणून रुपाला जिल्ह्यातल्याच एका लष्करी कोठारात नोकरी मिळाली, पण तात्पुरती. कायम व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. एकदा ती नापास झाली होती. यंदाही गेली तर नोकरी हातची जाणार, आणि मग दोघी बायकांनी खायचं काय? कोसा रेशीम विणणाऱ्याला लोक कौतुक भरपूर देतात, पैशाचं नंतर बघू म्हणतात.

लेखी पेपर तिला सोपा जायचा. अडायचं ते खिडकीवर. उमेदवाराने कोठाराच्या खिडकीत उभं राहायचं, बाहेरून कोणीतरी तुकडीचा माणूस बनून मागणी करणार आणि शेजारी परीक्षक बसून ऐकणार. पहिला प्रश्न ठरलेला, माणसं किती? कारण जितकी माणसं तितकं सामान. मग काय पाहिजे, आणि शेवटी, कोण नेणार? द्यायचं असेल तर द्या, नसेल तर नाही म्हणा, पण मागणाऱ्याला उत्तराशिवाय ताटकळत ठेवणं म्हणजे सरळ नापास. मागच्या वेळी रुपाची तिथेच दातखीळ बसली होती.

कोठारातले जुने भुपेंद्र साहेब तिची तयारी करून घेत. माणूस थट्टेखोर, पण एका गोष्टीत कडक.

"सरावात खऱ्या माणसाचं नाव घेऊ नको बरं, रुपा. आमच्या एका शहाण्यानं सरावाच्या कागदावर खरी तुकडी टाकली. कागद चुकून मंजुरीत गेला, आन् ट्रकभर बटाटे जाऊन पोचले. ते बिचारे बटाटेच खाऊन राहिले! मागणी मंजूर झाली का पोचतेच. माणूस खरा का खोटा, ते तिले समजत नाही."

रुपा पोट धरून हसली. आणि घरी येऊन तिने नेमकं तेच केलं.

मागाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत ताट सरकवण्यापुरती एक खिडकी होती. इकडे रुपा उभी राहायची, तिकडे सासू.

"कोनाचं नाव सांगू वो?" रत्नाबाईंनी विचारलं.

रुपाच्या तोंडून नवऱ्याचंच नाव निघालं. त्याचा नंबर, त्याची तुकडी, सगळं तिला झोपेतही पाठ होतं. तो गेल्यापासून घरात ते नाव कोणी उच्चारत नव्हतं. आता अभ्यासाच्या निमित्ताने ते खुशाल घेता येत होतं, आणि तिला फार बरं वाटत होतं.

"माणसं किती?"

"एक."

"काय पाहिजे?"

"कांबळं."

"कोन नेणार?"

"जागेश्वर," रत्नाबाई म्हणत, आणि मग पदराने तोंड पुसत. रुपाही दुसरीकडे बघायची.

एकदा आठवडी बाजाराला रत्नाबाई एकट्याच गेल्या. मे महिन्याची दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, वरचे पत्रे उन्हाने कडकड वाजत होते. रुपाने दाराला आतून कडी घातली आणि सवयीने खिडकीत उभी राहिली. माग बंद होता, त्यामुळे तिचा आवाज तिलाच मोठा वाटला.

"माणसं किती?"

"एक."

सासू परत आली असेल, असं वाटून तिने पुढचा प्रश्न विचारलासुद्धा. "काय पाहिजे?"

"कांबळं…"

आवाज घोगरा होता, ओठ नीट हलत नसल्यासारखा. रुपाने हात मागे करून दोरीवरचं कांबळं ओढलं आणि खिडकीत ठेवलं.

"कोन… कोन नेणार?"

उत्तर आलं नाही. कांबळं मात्र हळूहळू पलीकडे सरकत गेलं आणि त्याचं शेवटचं टोक खिडकीवरून उतरलं. सुटीवर आलेल्या जागेश्वरच्या कपड्यांना यायचा तसा ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास आला. तेव्हा तिला आठवलं, कडी तर आपणच आतून घातलीय.

ती धावत मागाच्या खोलीत गेली. तिथे कोणी नव्हतं. दाराची कडी तशीच होती. कांबळं नव्हतं, आणि खिडकीखालची शेणाने सारवलेली जमीन चांगली ओली झाली होती.

रुपा तिथेच खाली बसली. घाबरली तर होतीच, कोण घाबरणार नाही? पण भीती जरा ओसरल्यावर तिच्या मनात आलं ते एवढंच, की याला अजून थंडी वाजतेय. मग मात्र तिला रडू आवरेना.

त्यानंतर ती सासूला काहीबाही कामं काढून बाहेर धाडू लागली. सासूच्या वाट्याची लेकाची भेट आपण चोरतोय हे तिला कळत होतं, तरी धाडायची. त्याने पायमोजे मागितले, तिने दिले. गरम पाणी मागितलं, दिलं. एकदा तिने न राहवून विचारलं, "कसे आहा जी तुमी?" पलीकडे नुसता श्वास ऐकू आला, लांबून चढ चढून आलेल्या माणसाचा. त्या खिडकीवर त्या तीन प्रश्नांपलीकडे त्याला काही बोलताच येत नसावं.

अशा गोष्टी घरात लपत नाहीत. एका दुपारी रत्नाबाई लवकर परतल्या. रुपा खिडकीत गोधडी ठेवत होती, आणि मागाच्या खोलीत पाऊल टाकताच रत्नाबाईंना तो वास आला. त्या भिंतीला टेकल्या.

"जागेश्वर आहे?"

रुपाने मान खाली घातली.

"मले काहून नाही सांगतलं? माहा लेक आहे ना तो!"

रत्नाबाई बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून तिचा हात धरत म्हणाल्या, "पाहाय रुपा, तो थंडीचं मागून राहिला तोवर ठीक आहे. उद्या दुसरं काही मागंल. तुह्यानं नाही म्हणवंल का त्याले?"

रुपाला ते पटलं. तिने खिडकीत तोंड घालून नियमाप्रमाणे सांगितलं, "मागणी रद्द." पलीकडे कोणी हललंसुद्धा नाही. तिला वाटलं, आपण नवऱ्याच्या तोंडावर दार लावलं. पुढच्या दिवसांत खिडकीपलीकडून सासूशिवाय कोणी बोललं नाही.

परीक्षा कोठारातच होती, भर सकाळी, माणसांच्या गजबजाटात. रुपा खिडकीत उभी राहिली. खिडकीचं लोखंडी दार अर्धंच वर केलेलं, त्यामुळे बाहेरच्याचे फक्त हात दिसायचे. शेजारच्या खुर्चीवर बसलेले परीक्षक म्हणाले, "सुरू करा."

बाहेर कोणीतरी येऊन उभं राहिलं. त्याने जाड लोकरीचे हातमोजे घातले होते, मे महिन्यात.

"माणसं किती?" रुपाने विचारलं.

"दोन…"

तोच आवाज. ओल्या लोकरीचा तोच वास. या वेळी त्याने दोन म्हटलं होतं. दुसरं माणूस कोण? विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण उत्तर ऐकायची छाती झाली नाही. परीक्षक घड्याळाकडे बघू लागले. गप्प राहिलं तर नोकरी गेली, नाही म्हटलं तर कारण काय द्यायचं?

"काय पाहिजे?"

"दोघांचं… सगळं."

तिने कांबळी, पायमोजे, पांघरुणं, सगळं दोघांच्या हिशोबाने भराभर काढून खिडकीत रचलं.

"कोन नेणार?"

"मीच… नेतो," तो म्हणाला. खूप दिवसांनी बरं वाटलेल्या माणसासारखा.

"मंजूर," रुपा म्हणाली.

परीक्षकांनी मान डोलावली. "उत्तम. फक्त एक राहिलं तुमचं. माणसं एकाहून जास्त असली की नावं विचारायची असतात. विचारलं असतं तर नामंजूरही करता आलं असतं. असो. पास आहात तुम्ही."

ती बाहेर आली तेव्हा भुपेंद्र साहेब सदऱ्याची बटणं लावत धावत येत होते. "सुरू झालं का वो? मागणारा तं मीच हाव ना! फाटकावर अडकलो बापा."

रुपा तिथून तशीच निघाली. मिळाली त्या एसटीत चढली. वाटभर तिच्या डोळ्यांपुढे सासूच येत होती, कधी मागावर कोसळलेली, कधी अंगणात पडलेली. आई आपल्या लेकाला नाही म्हणेल का? त्याने हाक मारली तर हातातलं टाकून जाईल. मोहाडीच्या स्टँडवरून ती भर उन्हात पळत सुटली.

गल्लीच्या तोंडाशीच मागाची खटखट ऐकू आली. रत्नाबाई मागावर बसल्या होत्या, धडधाकट, तोंडात सुपारी धरून. रुपाला आनंदाने हसू फुटलं आणि रडूही.

"पास झाली, आई!"

"झाली? माही बाई ते!" रत्नाबाई उठल्या. त्यांनी सुनेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि एकदम थांबल्या. उलटसुलट करून पाहिले, चोळले, पुन्हा चोळले.

"एवढ्या उन्हातून आली तू," त्या म्हणाल्या, "आन् तुहे हात असे थंडे काहून वो, रुपा?"